तात्यांचे रात्रीचे ऊन

तात्या पहाटे गेले आणि त्याच दिवशी दुपारी माझा परीक्षेतला शेवटचा, भूगोलाचा पेपर होता. आमच्या भावकीतला भानुदास पहिल्या एस.टी.ने जामखेडहून नगरला आला, विचारत विचारत कॉलेजवर पोचला आणि परीक्षेच्या हॉलबाहेर लिंबाखाली बसून राहिला. आत जाताना तो मला दिसलाही. मी म्हणालो, "काय रे भानुदास, इकडं कुठं?" तर म्हणाला, "बाजारला आल्तो. जा तू, लिही निवांत. मी हाय हितंच." पेपर होईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचे नाही, असे माझ्या वडिलांनी त्याला बजावून पाठवले होते. माझ्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझा पेपर म्हणजे घरातल्या सगळ्यांचा पेपर असतो.

त्या पेपरात एक प्रश्न होता, अक्षांशांचा हवामानावर होणारा परिणाम आकृतीसह स्पष्ट करा. मी तो सगळ्यात आधी सोडवला. विषुववृत्त, कर्कवृत्त, सरळ पडणारी किरणे, तिरपी पडणारी किरणे, उष्ण कटिबंध, समशीतोष्ण कटिबंध… आकृती फार चांगली उतरली. मी ती काढत होतो तेव्हा गावाकडे ओढ्याच्या काठी तात्यांना अग्नी देत होते. मी हसत बाहेर आलो. भानुदास उठून उभा राहिला, टोपी हातात घेतली आणि म्हणाला, "दत्ता, तात्या गेलं." मला रडू आले नाही. आधी लाज वाटली. तशी लाज आमच्या घरात पुष्कळ दिवस होती, तात्यांच्या आणि आमच्या सगळ्यांच्या वाट्याची. ती कशाची, हे सांगण्यासाठीच हे लिहितो आहे. मला लिहिण्याची सवय नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. दुसऱ्या महायुद्धात ते पलटणीत होते. आफ्रिकेच्या वाळवंटात त्यांची तुकडी शत्रूच्या हाती सापडली. कैदी म्हणून त्यांना आधी इटलीत आणि नंतर जर्मनीत नेले. तिथे त्यांनी दुसऱ्यांच्या शेतात बटाटे काढले, लाकडे फोडली. लढाई संपल्यावर ते परत आले, तेव्हा त्यांची बायको तापाने जाऊन बरेच दिवस झाले होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. आमच्यातच राहिले, आमच्यातच राबले. लढाईच्या गोष्टी ते कधीच सांगत नसत. बंदूक, तोफ, मेलेली माणसे, याबद्दल कोणी विचारले तर "व्हतं तसं कायतरी" म्हणून उठून जात. सांगायचे ते एकच, तिथल्या दिवसाबद्दल आणि आभाळाबद्दल. त्या गोष्टीचे त्यांना स्वतःलाच इतके नवल वाटले होते की सांगितल्याशिवाय राहवत नसे.

"तिकडं उन्हाळ्यात रातीचे नऊ वाजले तरी ऊन असतं," ते सांगत. "चांदनं न्हाई, ऊन! आमी जेवून, भांडी घासून निजायला जायचो, तर खिडकीतनं ऊन आत. आन थंडीत उलटं. दिस उगवतो न उगवतो तवर मावळतो. भर दुपारी बघावं तर सूर्य कासराभर वर. डोक्यावर म्हनून कदी येतच न्हाई. आन पाऊस? त्येला काय काळयेळ न्हाई. बारा म्हैने आपली झिमझिम."

गावात या बोलण्याचे काय होणार ते उघड होते. मारुतीच्या देवळापुढे चार माणसे बसली की कोणीतरी हटकून विचारी, "काय तात्या, काल रातच्याला ऊन लई हुतं जनू? धोतर वाळलं का न्हाई?" रंगनाथअण्णा म्हणून एक म्हातारे होते, त्यांना यात विशेष गोडी. "अरं, पावसाळाच न्हाई म्हनतोस, मग त्ये लोक बैलपोळा कवा करत्यात?" लोक मांड्यांवर थापा मारून हसायचे. तात्याही आधी थोडे हसत आणि मग खरोखरच उत्तर देऊ लागत, की तिकडे घोडे नांगराला जुंपतात वगैरे. मग आणखी हसू. माझे वडील तिथे असले तर खालच्या आवाजात म्हणायचे, "दादा, बास आता." वडिलांचा हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला आहे की तात्यांची आठवण आली की पाठोपाठ तोही ऐकू येतो. आमच्या घराला गावात 'रातीच्या उनाचं घर' असे नाव पडले होते. शाळेत माझ्या पाटीवर कोणीतरी चंद्र काढून त्याला सूर्यासारखे किरण काढत असे. मी ते पुसत असे आणि घरी सांगत नसे.

घरात तात्यांचे एकच माणूस ऐकत असे, माझी थोरली बहीण सुमन. मी तिला आक्का म्हणतो. लहानपणी ती त्यांच्याजवळ बसून विचारायची, "मग तात्या, तिथली कोंबडी कवा खुराड्यात जाती?" तात्या विचार करून सांगायचे, "उजेड असला तरी जाती. तिचं तिला कळतं." आक्काला ते पटायचे. त्या दोघांना मी पुष्कळदा असे बोलताना पाहिले आहे. मध्ये कोणी आले की दोघेही गप्प व्हायची.

आक्काच्या लग्नाच्या वेळी ते झाले. स्थळ नेवाशाकडचे होते, पाटाच्या पाण्याखालचे, आमच्यापेक्षा पुष्कळ बरे. मुलाकडची मंडळी बोलणी करायला आली. मी तेव्हा हायस्कुलात होतो, पाण्याचे तांबे देत होतो. सगळे जमत आले होते. मुलाचे चुलते, ज्यांना सगळे आबा म्हणत, पानाला चुना लावता लावता म्हणाले, "पाव्हनं, आमच्या कानावर आलंय, तुमच्याकडं म्हनं रातीचं ऊन पडतं." मंडळी हसली. आमच्या बाजूचे कोणी हसले नाही. आबा पुढे म्हणाले, "न्हाई, म्हंजे आमचं कायबी म्हननं न्हाई. पन लोक म्हनत्यात, लढाईवरनं आल्यापास्नं थोरल्यांच्या डोक्यात फरक हाय. आता घरात आसं असलं तर पोरगी देताघेताना मानूस इचार करतोच की. एकदा बेलभंडारा उचला आन सांगा काय खरं काय खोटं, म्हंजे आमच्याबी मनातनं जाईल."

आमचे दैवत खंडोबा. आमच्याकडे भंडारा उचलून माणूस बोलला की ते बोलणे संपले, त्यावर दुसरा शब्द नसतो. वडील खाली बघत होते. तात्या कोपऱ्यात बसले होते. ते उठले, देव्हाऱ्यापुढे गेले, बेलाचे पान आणि चिमूटभर भंडारा तळहातावर घेऊन मंडळींपुढे उभे राहिले. त्यांचा हात अगदी स्थिर होता. म्हणाले, "तिकडंबी रातीला रातच असती. मी सांगत हुतो त्ये खोटं. गंमत म्हनून सांगायचो." बस्स, एवढेच. आबा म्हणाले, "झालं तर मग!" आणि सुपारी फुटली. वडिलांनी जो श्वास सोडला तो मला पाण्याच्या घंगाळापाशी ऐकू आला. मलाही फार हलके वाटले. आत दाराआड आक्का उभी होती. तिच्याकडे त्या वेळी कोणाचे लक्ष असणार?

त्यानंतर तात्यांनी त्या गोष्टी बंद केल्या. कोणी चिडवले तर म्हणायचे, "संपलं की आता त्ये. भंडारा उचललाय मी." हळूहळू चिडवणेही थांबले. घराला चांगले दिवस आले म्हणायचे.

गेल्या जूनमध्ये मी नगरला कॉलेजात आलो. पाऊस नव्हताच. वसतिगृहात नळाला पाणी दिवसातून एकदा यायचे आणि आम्ही बादल्या घेऊन रांगेत उभे राहायचो. अशातच एकदा भूगोलाच्या तासाला सरांनी पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवला आणि तो एका बाजूला कसा कललेला आहे ते दाखवले. आपण विषुववृत्ताजवळ, म्हणून आपल्याकडे उन्हाळ्या-हिवाळ्याच्या दिवसांच्या लांबीत फार फरक पडत नाही. जसजसे उत्तरेला जावे तसतसा सूर्य तिरपा, ऊन मंद, उन्हाळ्यातला दिवस लांब आणि हिवाळ्यातला आखूड. सर सहज बोलत होते. मागच्या बाकावरची नगरची मुले जांभया देत होती. माझे कान तापले. मी उभा राहिलो आणि विचारले, "सर, जर्मनीत रात्री नऊला ऊन असतं का?" सर म्हणाले, "उन्हाळ्यात असतं की. साडेनऊलासुद्धा. छान प्रश्न आहे. तुला कसं माहीत?" मी म्हणालो, "कुठंतरी वाचलं होतं." माझे चुलते सांगत, एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. मी खाली बसलो. वहीत सरांनी काढलेली आकृती उतरवून घेताना मला तो भंडाऱ्याने पिवळा झालेला हात दिसत होता.

दिवाळीला घरी गेलो, तेव्हा घरातली सगळी माणसे दुष्काळी कामावर होती. पाझर तलावाचे काम होते, शेजारी खडी फोडायचे. बायकांना, मुलांना सुकडीचे गोड पीठ मिळायचे, ते आई पदराच्या गाठीत बांधून आणायची. तात्याही खडी फोडत. डोळ्यात कपच्या जाऊ नयेत म्हणून मान वाकडी करून घण घालायचे. मीही सुटीभर गेलो. पहिल्याच संध्याकाळी, परत आल्यावर, मी त्यांना अंगणात बसवले. रिकामी घागर आडवी ठेवली आणि मित्राची मागून आणलेली बॅटरी तिच्यावर धरली. "हे बघा तात्या. घागरीच्या पोटावर सरळ उजेड पडतो, तिथं गोळा लहान पण लख्ख. हे आपण. आता गळ्याकडं बघा. उजेड तोच, पण तिरपा पडला, पसरला, फिका झाला. हे तुमचं जर्मनी. म्हणून तिथं थंडी. आणि घागर अशी कलती केली की उन्हाळ्यात हा गळा उजेडातच राहतो…" मी घागर फिरवत राहिलो. मला वाटत होते, मी त्यांच्यासाठी काहीतरी घेऊन आलो आहे.

तात्यांनी वाकून घागर जवळून बघितली. मग म्हणाले, "म्हंजे खरं हाय."

"खरं हाय तात्या. पुस्तकात आहे. सरांनी सांगितलं."

"मला वाटाय लागल्तं, मीच काय तरी बघितलं आसंल. तापबीप आल्ता तिकडं लई… सगळीच मानसं न्हाई म्हनत्यात, तर एकट्याचं खरं कसं आसंल?" त्यांनी घागरीच्या गळ्यावर हात ठेवला. बॅटरीचा उजेड त्यांच्या बोटांवर पडला. "मी भंडारा उचलला तवा मला नक्की म्हाईत न्हवतं बग. निम्मं खोटं, निम्मं खरं आसंल, देव घेईल समजून, असं वाटल्तं. आता तू म्हनतोस त्ये समदं खरंच हुतं. म्हंजे समदाच खोटा भंडारा."

मी बॅटरी बंद केली.

दुसऱ्या दिवशी कामावर दुपारच्या सुटीत बायका बोलत होत्या. पाऊस का गेला, याचीच बोलणी सगळीकडे चालत. एक म्हातारी म्हणाली, "कुनीतरी खोटा भंडारा उचललाय गावात. त्याबिगर देव आसा कोपंल का?" तिच्या मनात बांधाचे कुठले तरी जुने भांडण होते, तिने नावही घेतले दोन भावांचे. पण तात्या भाकरी खात होते ते थांबले. हातातला तुकडा त्यांनी परत फडक्यात ठेवला. त्या दिवसापासून त्यांचे जेवण कमी झाले, असे आई सांगते.

मी माझ्या परीने समजावले. म्हणालो, तात्या, पाऊस या गावापुरता गेलेला नाही. सोलापूर, बीड, सगळीकडे नाही. जमीन तापते, समुद्रावरून वारे येतात, यंदा ते कमजोर पडले. त्यात आपण डोंगराच्या पाठीमागे, आपल्यापर्यंत येईतो त्यांच्यात पाणी उरत नाही. तिथे जर्मनीत समुद्रावरून पश्चिमेचे वारे वर्षभर येतात, म्हणून बारमाही झिमझिम. ते मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे कोन कुठल्या रेघंवर हाय त्यावर समदं हाय."

"बरंचसं."

"मानूस खरं बोलला काय आन खोटं बोलला काय, आभाळाला त्याचं कायबी न्हाई."

मी "नाही" म्हणालो. त्यांना बरे वाटेल म्हणून म्हणालो. त्यांचा चेहरा बघून मला ते बोलायला नको होते असे वाटले, पण खरे तर तेच होते… ते म्हणाले, "आभाळाला नसंल. मानसाला तर हाय ना? मी मानसांम्होरं बोललो हुतो."

माघात एकदा सकाळी तात्या वसतिगृहाच्या दारात उभे. धुतलेले धोतर, डोक्याला पटका, पायातल्या वहाणांना नवा टाका. माझा खोलीतला मित्र त्यांच्याकडे बघत राहिला. तात्या म्हणाले, "चल. नेवाश्याला जायचंय, सुमीच्या घरी. मी सांगितलं तर हसतील. तू पुस्तक घे संगं." घरी त्यांनी बाजाराला जातो एवढेच सांगितले होते. मला भीती वाटली. आक्का तिथे नांदत होती, तिला मूल होते. खोट्या भंडाऱ्यावर झालेले लग्न म्हटल्यावर तिचे काय होईल? मी तसे बोललो. तात्या म्हणाले, "त्येचंच भ्या वाटत हुतं म्हनून इतकं दिस गेलं. पर आता लपवून ठिवलं आन उद्या कळलं, तर पोरीला जास्ती बोल लागंल. माझं तोंड हाय तवर मी बोलतो."

एस.टी.त ते खिडकीशी बसले. यंदा नेवाशाकडेही पाटाला पाणी नव्हते आणि प्रवरेच्या पात्रात नुसती वाळू होती, तरी मधूनमधून विहिरीवरचा उसाचा हिरवा तुकडा दिसायचा. तात्या एकदा म्हणाले, "परत येताना बोटीवर आमी डेकवर बसायचो. रोज दुपारी सावली आकसायची. मुंबईला उतरलो, तर दुपारची सावली पार पायात आली. तवा वाटलं, आलं घर." पुष्कळ वर्षांनी त्यांनी त्या प्रवासाविषयी एक वाक्य उच्चारले होते.

आबा ओसरीवर होते. घरातले आणखी चार जण होते. पाणी, चहा झाला. आक्का उंबऱ्याशी मुलाला कडेवर घेऊन उभी राहिली. तात्या उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "आबा, एक सांगायचं हाय. सोयरिकीच्या टायमाला मी भंडारा उचलला, तो खोटा हुता. रातीचं ऊन खरं हाय. हा पोरगा शिकतोय, त्याच्या पुस्तकात हाय. काय दोष आसंल तो माझ्या एकट्याचा. पोरीचा न्हाई."

आबांनी विचारले, "कसलं ऊन?"

तात्यांनी पुन्हा सांगितले. मग आबांना आठवले आणि ते जे हसू लागले ते थांबेनात. "अवो पाव्हनं! त्ये व्हय? अवो ती गंमत हुती! सोयरीक तर आमी पोरगी बघितली तवाच ठरवल्याली. तुमची मंडळी लईच ताठ बसल्याली, म्हनून म्हनलं जरा मजा करावी… आन तुमी खराखुरा भंडारा उचलला! आमाला वाटलं, तुमीबी गंमतच करताय." त्यांनी आतल्या लोकांना हाक मारली. "अरं, या रं बाहेर. रातीचं ऊन दुपारच्याला आलंय आपल्याकडं!"

सगळे हसले. त्यात दुष्टपणा नव्हता. आबांनी स्वतः तात्यांना हाताला धरून बसवले, जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणाले. मला म्हणाले, "काय लिवलंय रं पुस्तकात? दाखव." मी पुस्तक उघडले, त्यांनी आकृतीवर बोट फिरवले, "लई हुशार पोरगं," म्हणाले आणि पुस्तक परत दिले. तात्याही हसत होते. त्यांचे ते हसणे मला अजून बघवत नाही. देवळापुढे रंगनाथअण्णा पोळ्याचे विचारायचे, तेव्हा ते आधी थोडे असेच हसायचे.

निघताना आक्का वेशीपर्यंत आली. मुलाला माझ्याकडे दिले आणि तात्यांच्या समोर उभी राहिली.

"तात्या, मी लहानपनी तुमचं समदं खरं धरायची. गावात सगळ्यांशी भांडायची. तुमी भंडारा उचलला, तवा मला वाटलं, इतकी वर्सं मला एकटीलाच येडी केली."

तात्या एवढेच म्हणाले, "तुज्यासाठीच गं…"

"त्ये ठावं हाय मला. पन मला एकदा आत येऊन सांगायचं तरी. मी कुनाला बोलले नसते." तिने डोळ्याला पदर लावला. "आता परत खरं धरू?"

"धर," तात्या म्हणाले.

परतीच्या गाडीत गर्दी होती. आम्ही दोघे एका बाकावर दाटीने बसलो. नगरच्या स्टँडचे दिवे दिसू लागले तेव्हा तात्या म्हणाले, "पाऊस माझ्यामुळं गेला न्हाई."

"नाही तात्या."

"आन सोयरीकबी माझ्यामुळं जुळली न्हाई. ती जुळल्यालीच हुती." गाडी वळली, आम्ही एकमेकांवर कललो. "मग मी त्ये बोललो तरी कशापायी रं?"

मी त्यांना जामखेडच्या गाडीत बसवून दिले. ते खिडकीतून म्हणाले, "अब्यास कर." त्यांचे माझ्याशी ते शेवटचे बोलणे. चैत्रात कामावर त्यांना चक्कर आली, दोन-तीन दिवस अंथरुणावर होते. मला कळवू नका, परीक्षा आहे, असे त्यांनीच वडिलांना सांगितले.

परीक्षा संपवून मी गावी गेलो. लोक भेटायला येत होते. रंगनाथअण्णाही आले, काठी टेकत. तात्यांविषयी चांगले बोलले, कष्टाळू होता, कुणाच्या अध्यात न मध्यात असा होता म्हणाले. उन्हाचे कोणी काढले नाही. मलाच वाटले की मी उठावे, पुस्तक काढावे आणि सगळ्यांना दाखवावे. पण आबांच्या ओसरीवर पुस्तक दाखवून झाले होते. पुस्तकात ते खरे निघाले म्हणून आम्ही कोणी त्यांचे ऐकले होते, असे होत नाही. त्यांचे खरे होते तेव्हा त्यांनी ते आम्हालाच सांगितले होते, आमच्याच अंगणात, पुष्कळ वर्षे.

माणसे गेल्यावर वडील आणि मी आतल्या खोलीत बसलो. तात्या तिथे झोपत. दिवस कलला होता, पण बाहेर अजून ऊन होते. वडील अचानक म्हणाले, "दत्ता, त्ये रातीचं ऊन. त्ये कशानं असतं, सांग बरं मला." मी सांगू लागलो. पृथ्वी कललेली असते, सूर्य… ते मान हलवत होते, पण त्यांना ते नको होते. मला मध्येच थांबवून म्हणाले, "त्ये आसंल तसं. पर एवढ्या उजेडात दादाला झोप कशी लागत आसंल रं?"

हे आमच्यापैकी कोणीच त्यांना कधी विचारले नव्हते. पुस्तकातही ते नव्हते. वडिलांची नजर खुंटीवर गेली. तिथे तात्यांचा पटका होता. तात्या लढाईवरून आल्यापासून डोळ्यांवर पटका बांधून झोपायचे, अवसेच्या काळोखातही. डास चावतात म्हणून बांधतो, असे आम्ही समजत होतो. वडील उठले. त्यांनी पटका खुंटीवरून काढला, त्याच्या घड्या जशा पडल्या होत्या तशाच धरल्या आणि तो आपल्या डोळ्यांवरून मागे नेऊन बांधला. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते भिंतीला टेकून बसले.

"व्हय," थोड्या वेळाने ते म्हणाले. "रात झाली."

दारातून अंगण दिसत होते. तिथे ऊन होते.